वॉशरचं खोकं

जगातल्या निम्म्या तक्रारींचं मूळ झिजलेल्या वॉशरमध्ये असतं, असं त्या प्लंबरचं ठाम मत होतं, म्हणून बँडमधले सगळे त्याला वॉशरच म्हणत. आठवडाभर तो लोकांचे नळ दुरुस्त करी आणि रविवारी बेस गिटार वाजवी. बेसवाल्याचं नशीबच खोटं. गाणाऱ्याला टाळ्या मिळतात, ड्रमवाल्याला शिट्ट्या, आणि बेसवाल्याला लोक विचारतात, "वायरी तुम्ही बघता का?" खुद्द बायकोही म्हणायची, "अहो, तुम्ही वाजवता ना नक्की, की नुसते उभे असता?"

त्यातच त्याची कंबर धरली. जुना स्पीकर फ्रिजएवढा, आणि डॉक्टरने वजन उचलायला साफ मनाई केली. मग तो गायकाच्याच स्पीकरमध्ये वायर खुपसून वाजवू लागला, पण त्याचं त्यालाही ऐकू येईना. कीबोर्डवाला गोड आवाजात म्हणाला, "बेस मी डाव्या हाताने वाजवीन की. काकांना कशाला त्रास?" बँडचे गायक मास्तर भिडस्त माणूस. पुढच्या रविवारी बघू, एवढंच म्हणाले. वॉशरला कळायचं ते कळलं. मिशी फुटल्यापासूनची जागा एका डाव्या हातापायी जाणार होती.

एका हाताने उचलता येईल, स्कूटरवर पायांपाशी मावेल, असं खोकं आपणच बनवायचं, असं त्याने ठरवलं. वाद्यांच्या दुकानदाराने त्याला लहानसा स्पीकर आणि त्याला जोडायचा अॅम्प्लिफायर दिला आणि बजावलं, "खोकं सगळीकडून हवाबंद करा. फक्त पुढे एक नळी ठेवा. खालचे सूर तिच्यातून बाहेर येतात." नळी म्हटल्यावर वॉशरची छाती फुगली. हा तर घरचाच मामला!

घराची मात्र दैना झाली. सुताराकडून कापून आणलेलं प्लायवूड जेवायच्या टेबलावर चढलं. आतून लावायला कापूस हवा, म्हणून बायकोची उशी फाडली गेली. हँडल न्हाणीघराच्या दाराचं निघालं. तेव्हापासून ते दार बंद राहीना, आणि आंघोळीला जाणारा प्रत्येक जण आतून मोठ्याने गाऊ लागला. खोकं जोडून झाल्यावर वॉशर नळीला तोंड लावून फुंकत बसला आणि बायको सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधू लागली. एकही सापडला नाही.

"एक थेंब गळायचा नाही," तो म्हणाला.

"आत पाणी भरणार आहात का?" बायकोने विचारलं.

शनिवारी संध्याकाळी त्याने गिटार जोडून तार छेडली. गोधडीतून कोणी कण्हावं तसा आवाज आला. त्याने बटणं फिरवली, स्क्रू आवळले, दुकानदाराचा उद्धार केला. शेवटी मटकन खाली बसला. "नाही जमलं. वाजवू दे त्याला डाव्या हाताने." बायको एरवी टोमणे मारण्यात हार जाणारी नव्हती, पण त्याचं तोंड बघून तिला भडभडून आलं. ती खोक्यासमोर उकिडवी बसली.

"अहो, या नळीला झाकण कशाला लावलंय?"

नळीच्या बाहेर आलेल्या तोंडावर टोपण होतं, सोल्युशन लावून पक्कं बसवलेलं. उघडा पाइप टाकून कामावरून उठायचं नाही, ही त्याची उभ्या आयुष्याची सवय. हातांनी डोक्याला न विचारताच काम उरकलं होतं. जित्याची खोड, दुसरं काय! त्याने करवतीने टोपण कापून टाकलं आणि पुन्हा तार छेडली. फळीवरची भांडी थरथरली. बायकोने नळीपुढे हात धरला आणि ओरडली, "वारा येतोय!"

रविवारी तालमीत ते खोकं पाहून कीबोर्डवाला हसला. "काका, जेवणाचा डबा आणलात?"

गाणं सुरू झालं. वॉशर वाजवत होता, पण त्याचा सगळा जीव त्या उघड्या नळीत अडकलेला. वारा भसाभसा बाहेर पडत होता. डोक्याला पटलं होतं, प्लंबरच्या मनाला पटेना. अखेर न राहवून तो वाजवायचा थांबला आणि वाकून नळी चाचपू लागला.

गाणं धाडकन कोसळलं. ड्रमवाल्याची काठी अडखळली, मास्तरांचा ताल सुटला, कीबोर्डवाल्याचे दोन्ही हात हवेतच राहिले. सगळे मागे वळून बघू लागले.

"अरे, थांबलास का?" मास्तरांनी विचारलं.

इतक्या वर्षांत हे त्याला कोणी विचारलं नव्हतं.

"काही नाही," तो म्हणाला. "गळतंय का बघत होतो."

"गळू दे," मास्तर म्हणाले. "तू वाजव."