भोंगेमास्तरांचा तांब्या

भोंगेमास्तर दुसऱ्याच्या घरचं पाणी पीत नसत. बारामतीहून तंबूचा सिनेमा घेऊन ते इंदापूरला आले, की यंत्राच्या आधी त्यांचा पितळी तांब्या गाडीतून उतरे. कुणी माठाकडे बोट दाखवलं, तर म्हणत, "आपलं आपल्यापाशी हाय."

तात्यांच्या रानात तंबू लागे, आणि तात्यांच्याच घरात मी भाड्यानं राहत होतो. मास्तरांच्या या सोवळ्यावर तात्या भारी खूश. मला टोमणा मारत, "गुर्जी, तुमी शिकल्यालं, पर कुठंबी च्या पिता. मास्तरांकडं बघा जरा."

साठ साल उजाडायचं होतं. शाळेत मी इंग्रजीचा नवा शिक्षक. इंग्रजी सिनेमा लागला, की यंत्रापाशी बसून मी बोलण्याचा अर्थ मास्तरांच्या कानात सांगे, आणि ते भोंग्यातून साऱ्या तंबूला. शेवट मात्र आधी ऐकून घेत नसत. "खुनी कोन, ते सांगू नगा. मलाबी लोकांबरूबर कळू द्या."

एकदा विलायतेतला खुनाचा सिनेमा आला. लंडनमधला एक तरुण कारकून मारला जातो. चौकशीत पोलिसांना कळतं, की त्याची आई काळ्या वंशाची. रंग उजळ, म्हणून गोऱ्यांत गोरा होऊन राहिलेला. हे मी कानात सांगितलं आणि भोंगा गप्प झाला.

"मास्तर, झोपला काय?" कुणीतरी ओरडलं.

मास्तरांनी घसा खाकरला. "मंडळी, ह्यो मेल्याला... आपली जात लपवून राहिला व्हता."

तंबूत कुणी हसलं नाही. खुनी निघाला त्याचा जिवलग मित्र.

सकाळी रिळं गुंडाळताना मास्तर खाली बघत म्हणाले, "गुर्जी, माझा तांब्या सोवळ्याचा न्हाय. मी गावकुसाभायरचा. उद्या कळलं, तर कुनाचा माठ बाटला म्हणून बोंब नको. तंबूच्या मालकालाबी ठाव न्हाय."

"माझ्यापाशीच राहील," मी म्हणालो.

चार दिवस राहिलं. पाचव्या दिवशी तात्यांनी ओसरीवर पुन्हा तोच टोमणा मारला. मला झोंबला. "त्या तांब्याचं कारण निराळं आहे, तात्या," असं म्हणून मी सगळं सांगून टाकलं. एवढ्याशासाठी. आजवर हे कुणाला सांगितलेलं नाही.

दुपारपर्यंत तंबूच्या मेखा उपटल्या गेल्या. मालकानं मास्तरांना तिथंच कामावरून काढलं. हात लावून बाटायला नको, म्हणून एकानं काठीनंच तांब्या ढकलला. तो घरंगळत माझ्या पायाशी आला. तात्या माझ्याकडे बघत होते. मी वाकलो नाही.

मास्तर आले. तांब्या उचलून धोतराच्या सोग्यानं पुसला आणि हळूच म्हणाले, "गुर्जी, तुमाला ठाव व्हतं, असं कुनाला म्हणू नगा. खोली जाईल तुमची."

खोली राहिली. मास्तर भिगवणच्या वाटेनं चालत गेले ते पुन्हा दिसले नाहीत. मी आता पन्नाशी ओलांडली. अजून कधी मास्तरांचा आवाज कानात येतो, त्या रात्रीसारखाच मधे थांबतो, आणि ते पुढचं सांगतील म्हणून मी वाट बघत बसून राहतो.

इंदापुरात ती गोष्ट त्यांनी एकट्या मलाच सांगितली होती. तरी कुणी फोडली, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही.