दुसऱ्याच्या हातचं काडतूस

आमच्या खोऱ्यात माणूस तुम्हाला ट्रक देईल, करवत देईल, थंडीत जळणाला अख्खं झाड देईल. पण घरी भरलेलं काडतूस देणार नाही, आणि त्यानं दिलंच तर तुम्ही ते वाजवणार नाही. यात रागालोभाचं काही नाही. बंदुकीच्या दस्त्याला गाल टेकून घोडा ओढायचा, तर आत कोंडलेली दारू डोळ्यापासून वीतभरावर पेटते. ती कुणी मोजली, मोजताना त्याचं ध्यान कुठं होतं, बायकोनं मध्येच जेवायला हाक मारली का, हे भरणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून ज्यानं भरलं त्यानंच वाजवायचं. भरणारा मेला तर शिकारी क्लबातली माणसं त्याची उरलेली काडतुसं फोडतात, गोळ्या आणि कवचांचं पितळ वाटून घेतात, आणि दारू फुलांच्या वाफ्यात पसरून टाकतात. झाडं चांगली तरारतात.

हा नियम न पाळणारी आमच्यात एकच जोडी होती. लेस्टर योस्ट भरायचा आणि डीन बिटनर वाजवायचा.

लेस्टरनं जन्मभर कारखान्यात साचे घासले. केसाच्या जाडीचा फरक त्याला बोटानं कळायचा. निवृत्त झाल्यावर तो दर शनिवारी हार्डवेअरच्या दुकानात मागच्या काउंटरशी, जिथं बंदुका टांगलेल्या असतात, तिथं स्टूल टाकून बसायचा. दुकानदार त्याला छदाम देत नव्हता, पण बंदूक घ्यायला आलेला माणूस आधी लेस्टरकडे बघायचा आणि मग किमतीच्या चिठ्ठीकडे. एकदा एक जवान गडी भलीमोठी मॅग्नम मागायला लागला. लेस्टरनं त्याला विचारलं, हरीण मारायचंय का रेल्वेचं इंजिन? मग समजावून सांगितलं, की एवढी लाथ मारणारी बंदूक घेशील तर घोडा ओढायच्या आधीच तुझे डोळे मिटतील, आणि डोळे मिटून मारलेली गोळी कुठं जाते ते देवालाच माहीत. बंदूक घ्यायची ती खांद्याला विचारून. पैसे उरले तर ते काचेत घालावेत, लोखंडात नाही.

बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणीबद्दल तर तो तासभर बोलायचा. लोकांना चंद्रावरचे खड्डे दिसतील अशी दुर्बीण हवी असते, आणि आपल्या हेमलॉकच्या दाट झाडीत हरीण उभं राहतं शेजारणीच्या अंगणाइतकं लांब. मोठी दुर्बीण लावली की नुसता केसांचा पुंजका दिसतो. मानेचा आहे का ढुंगणाचा, ते ओळखेपर्यंत हरीण पसार. चौपट दाखवणारी साधी दुर्बीण घ्या, पण काच अशी घ्या की दिवस मावळताना शिंगं आणि फांदी वेगळी दिसली पाहिजेत. आणि काडतुसाचं म्हणाल तर ते बंदुकीलाच विचारायचं. एकाच कारखान्यातल्या, एकाच दिवशी बनलेल्या दोन बंदुका म्हणजे बहिणी, पण एकीला जे मानवतं ते दुसरीला मानवत नाही. थोडं थोडं खायला घालून बघायचं.

अशा दोन बहिणी लेस्टर आणि डीननं तरुणपणी एकाच दिवशी विकत घेतल्या होत्या. पुढं लाकडाच्या गिरणीत एक ओंडका गडगडत आला आणि डीनच्या उजव्या खांद्याचा चुरा झाला. डॉक्टर म्हणाले, बंदूक विसरा. डीननं दोन वर्षं ती कपाटात ठेवली. थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी शिकारीचा हंगाम उघडला की अख्खं खोरं हरणाला निघायचं आणि हा घरात भांडी घासायचा. मग एक दिवस लेस्टर काडतुसांचा डबा घेऊन आला. खास हलकी भरलेली, जलद पेटणारी थोडीशीच दारू घातलेली. "लेका, हे तुझ्या आजीनंही मारलं असतं," म्हणाला. डीननं बंदूक खांद्याला लावली, घोडा ओढला, आणि खांदा जागेवर राहिला. त्या दिवसापासून डीननं दुसऱ्या कुणाचं काडतूस नळीत घातलं नाही. वाजवून झाल्यावर रिकामं पितळ तो इमानानं लेस्टरच्या हातात परत द्यायचा. लेस्टर ते पुन्हा भरायचा. पुढं म्हातारपणी लेस्टरही स्वतःसाठी तीच हलकी काडतुसं वापरायला लागला.

काडतुसाच्या बुडाशी दारू पेटवणारी टिकली असते. त्या टिकलीच्या कडेनं लेस्टर नेलपॉलिश फिरवायचा, पावसाबर्फाचा ओलावा आत जाऊ नये म्हणून. बाटली त्याच्या बायकोची, आर्लीनची. तिचा रंग ठरलेला होता, काळपट चेरीसारखा लाल. ती लग्नकार्याला नखं रंगवायची आणि ओरडायची, की माझी अर्धी बाटली हरणांच्या नशिबी. ती गेली तेव्हा लेस्टरनं तिचे कपडे मुलीला देऊन टाकले, दागिने देऊन टाकले. तळघरातल्या फळीवर बाटली तेवढी ठेवली.

आर्लीन गेल्यावर लेस्टर तळघरातच राहायला लागला म्हटलं तरी चालेल. दिवसभर ते टेबल, तो गोळी दाबायचा दांडा, तो दारू तोलायचा इवलासा काटा. मग दुकानात लोकांना काही काही दिसायला लागलं. एका गिऱ्हाइकाला त्यानं दुर्बीण निवडून दिली, हातात ठेवली, आणि थोड्या वेळानं त्यालाच विचारलं, काय रे, काय शोधतोयस? लोक हसले. त्यांना वाटलं म्हातारा फिरकी घेतोय. डीनही हसला. पण घरी येऊन त्यानं बायकोला, जूनला, हा किस्सा सांगितला नाही.

त्या वर्षी नोव्हेंबरात डीन क्लबाच्या मैदानावर नेम साधायला गेला. दोन गोळ्या नीट गेल्या. तिसऱ्या वेळी घोडा ओढला तर नुसतं फट झालं. टाळी वाजवावी तेवढा आवाज, खांद्याला धक्का नाही. शेजारचा म्हणाला, दुसरं घाल. डीनचा हात खिशाकडे गेलाही होता. मग तो थांबला. बंदूक घरी नेऊन नळीत सळई घातली, तर गोळी मध्येच अडकलेली. त्या काडतुसात दारूच नव्हती. नुसत्या टिकलीच्या जोरावर गोळी अर्ध्या वाटेपर्यंत येऊन बसली होती. दुसरं वाजवलं असतं तर नळी फाटून तोंडावर आली असती.

डब्यातली उरलेली काडतुसं त्यानं एकेक करून आपल्या जुन्या काट्यावर ठेवली. एक जड निघालं. फोडून बघितलं तर दारू दोनदा पडलेली. हलक्या काडतुसाची हीच गोम, आतली जागा अर्ध्याहून जास्त रिकामी असते, दुप्पट पडली तरी सांडत नाही. म्हणून तर लेस्टर गोळ्या बसवायच्या आधी विजेरी घेऊन प्रत्येकात डोकवायचा. डीननं त्याला हजारदा डोकावताना बघितलं होतं.

ते जड काडतूस डीनच्या डब्यात होतं. पण त्याच बैठकीत भरलेला दुसरा डबा लेस्टरच्या घरी होता, आणि सोमवारी लेस्टर त्यातलीच वाजवणार होता. सांगावं तर कसं? बायको गेली, गाडीची किल्ली मुलीनं उन्हाळ्यातच काढून घेतलेली. आता तळघरही घ्यायचं? आणि न सांगावं तर त्याच्या गालाशी काय फुटेल?

डीन लेस्टरकडे गेला आणि म्हणाला, नेम साधताना माझी बरीच उडाली, तुझा डबा दे, सोमवारी घेऊन येतो. लेस्टरनं दिला. वर टोमणाही मारला, की नेम दुर्बिणीनं साधतात, गोळ्या संपवून नाही.

त्याही डब्यात एक रिकामं निघालं. डीननं सगळी काडतुसं फोडली आणि दारू परसातल्या वाफ्यात पसरायला गेला. जून स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. तिनं खिडकी वर केली.

"कोण गेलं?"

डीननं मान वर केली नाही. "अजून कुणी नाही," म्हणाला.

मग त्यानं आपली जुनी अवजारं काढून ती स्वतः भरली. खांदा जायच्या आधी तोही भरायचाच, आणि हलकं प्रमाण लेस्टरनंच त्याला कधीतरी तोंडपाठ करून घेतलं होतं. प्रत्येकात त्यानं विजेरीनं डोकावून बघितलं. राहिला रंग. औषधाच्या दुकानात जाऊन नेलपॉलिशच्या बाटल्यांपुढं उभा राहिला. गल्ल्यावरची बाई म्हणाली, डीन, तुझ्या हातांना गुलाबी शोभेल. त्यानं लाल उचलला. बाटलीत हा लाल आणि आर्लीनचा लाल सारखेच वाटत होते.

सोमवारी पहाटे दोघं रानातल्या नेहमीच्या ओंडक्यावर जाऊन बसले. बोलोन्या सॉसेजचे सँडविच, एका थर्मासात दोघांची कॉफी. पायाखाली टाचभर बर्फ. कायद्यानं उजाडल्याशिवाय बंदूक भरता येत नाही, म्हणून दोघं मुकाट उजेडाची वाट बघत होते. झाडांची खोडं दिसायला लागली तसा लेस्टरनं हातमोजा काढला, डीननं आणलेला डबा उघडला, एक काडतूस घेतलं आणि बूड वर करून बघितलं. मग दुसरं बघितलं.

"हा रंग कुणाचा?"

"तुझाच की. आर्लीनचा."

"आर्लीनचा नाही हा. हा भोपळ्याच्या नारिंगीकडं झुकतोय." त्यानं काडतूस पुन्हा उजेडाकडं धरलं. "तिची नखं मी चाळीस वर्षं बघितलीत, डीन."

वर कुठंतरी बर्फ फांदीवरून घसरला.

"किती निघाली?" लेस्टरनं विचारलं.

"दोन रिकामी."

"आणि?"

"एक दुप्पट."

"तुझ्या डब्यात का माझ्या?"

डीननं त्याच्याकडं न बघता सांगितलं, "तुझ्या."

लेस्टरनं श्वास सोडला. "मग ठीक," म्हणाला.

बराच वेळ तो काडतूस बोटांत फिरवत बसला. डीनला वाटलं, आता हा उठेल, डबा बर्फात भिरकावेल, घरी जाईल. त्याला तसा हक्क होता. पण लेस्टरनं खटका मागं ओढला, काडतूस आत सारलं आणि बंदूक मांडीवर आडवी घेतली.

ऊन झाडीत शिरल्यावर हेमलॉकच्या कडेनं एक नर आला. फार मोठा नाही. लेस्टरनं बंदूक उचलली, दस्त्याला गाल टेकला, आणि मित्राच्या हातचं काडतूस आयुष्यात पहिल्यांदा वाजवलं. नर दोन उड्या मारून पडला.

"थोडं जास्त लाथ मारतं," लेस्टर म्हणाला. "पण चांगलं भरलंयस."

मग तो वाकला. बर्फात उडून पडलेलं रिकामं पितळ त्यानं हातानं चाचपून शोधलं. अजून गरम होतं, त्याच्याभोवती बर्फ वितळून इवलंसं भोक पडलं होतं. इतकी वर्षं ते पितळ डीननं उचलून लेस्टरच्या हातात द्यायचं. त्या दिवशी लेस्टरनं ते डीनच्या खिशात टाकलं, आणि वरून खिशाचं बटण लावून दिलं.

वसंतात लेस्टरचं टेबल, दांडा आणि काटा डीनच्या तळघरात आले. लेस्टरला त्याची मुलगी आणून सोडायची आणि जेवणाच्या वेळी घेऊन जायची. शनिवारचं स्टूल दुकानदारानं अजून तिथंच ठेवलंय, त्यावर कुणी बसत नाही. डीन भरायचा आणि लेस्टर शेजारी बसून आर्लीनच्या बाटलीतला उरलासुरला रंग टिकल्यांना लावायचा. रंग आटून घट्ट झालेला, डीन त्यात थेंब थेंब पातळ करायचं औषध घालायचा. लेस्टरचा हात मात्र शेवटपर्यंत हलला नाही. रेघ बारीक आणि गोल यायची.

पुढच्या ऑक्टोबरातली गोष्ट. फळीवर दारू घातलेली पितळं ओळीनं उभी होती, गोळ्या बसवायच्या बाकी होत्या. लेस्टरनं कुंचला खाली ठेवला आणि त्यांच्याकडं बघत राहिला. मग डीनकडं बघितलं, दुकानात अनोळखी माणसाकडं बघायचा तसं, अदबीनं.

"ही कुणी भरलीत?"

डीननं हातातली गोळी खाली ठेवली. "लेस्टरनं," म्हणाला.

"योस्ट?"

"हो."

लेस्टरनं मान हलवली. मग पुढं वाकून, कुणी ऐकू नये अशा आवाजात सांगितलं, "तरी नीट बघून घे बाबा. माणूस चांगला आहे, पण हल्ली विसरतो म्हणतात."

डीननं विजेरी उचलून त्याच्या हातात दिली. लेस्टर उभा राहिला, टेबलावर एक हात टेकला, आणि पहिल्या पितळात डोकावला. मग दुसऱ्यात. एकही न सोडता ओळीच्या टोकापर्यंत गेला. टोकाशी थोडा थांबला, आणि परत पहिल्यापासून बघायला लागला.

वर जूननं जेवायला हाक मारली. डीननं ओ दिली नाही, आणि लेस्टरला थांबवलंही नाही.