आक्षेपार्ह कापड, एक नग

ती घटना मला बारकाव्यांसकट आठवते. एकच गोष्ट आठवत नाही. ती शेवटी सांगतो.

नव्वदच्या दशकातला हिवाळा. मी जळगावात फौजदार होतो. थंडीत श्रीनगरहून शालवाले येत, त्यांत एक म्हातारा चाचा. मूळचा चीनमधल्या काश्गरचा, उइघूर. लहानपणी घरच्यांबरोबर डोंगर ओलांडून आलेला. माझ्या आईची शाल त्याच्याकडचीच.

त्या आठवड्यात बिनतारी संदेश आला: दिल्लीत चीनचे पाहुणे येत आहेत, निदर्शकांवर लक्ष ठेवा. संध्याकाळी बोर्ड रंगवणारा पेंटर घाबरत ठाण्यात आला. "साहेब, चाचानं चीनविरुद्ध फलक लिहून घेतला. उद्या माझ्यावर यायचं!"

चाचाला आणलं. आधी चहा दिला. दरडावण्यापेक्षा चहानं माणूस लवकर बोलतो.

"कोणी सांगितलं हे?"

"किसी ने नहीं, साब. परसों दिल्ली में हमारे लोग जमा होंगे. सब अपनों के नाम लेके खड़े रहेंगे."

फलकाचं कापड उलगडलं. हिंदीत एक नाव, खाली 'मेरा भाई कहाँ है?' भाऊ तिकडे काश्गरलाच राहिलेला, शाळामास्तर. चिनी पोलिसांनी घरातून उचलून नेला, पुढे पत्र नाही.

तपास तिथंच संपला. गुन्हा नव्हताच. तरी मी प्रतिबंधक अटकेचं कलम एकशे एक्कावन्न लावून त्याला आत घेतलं. सकाळची दिल्लीची गाडी गेली. कापडही जप्त केलं. वरून शाबासकी हवी होती, दुसरं कारण नाही.

संध्याकाळी सोडताना त्यानं कापड मागितलं.

"मुद्देमाल आहे, चाचा. कोर्टातून घ्या."

"मतलब मेरा भाई इधर भी अंदर?" आवाज चढवला नाही त्यानं.

दुसऱ्या दिवशी, दिल्लीत निदर्शनं होती त्याच वेळी, तो आपल्या शालींच्या दुकानापुढे फलकाचे दोन बांबू धरून उभा होता. मधे काही नाही. जवळच्या असोदा गावची एक अक्का हसली, "काय वो चाचा, काठ्या कायले धरल्या?"

त्यानं सांगितलं. तिनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली. "नाव काय वो भावाचं?" त्यानं उच्चारलं, तिनं मोठ्यानं परत म्हटलं. चार माणसं थांबली. मी जीपमधून पाहत होतो. उतरलो नाही.

पुढच्या हिवाळ्यात चाचा आला नाही. बदलीआधी मुद्देमाल नाशाच्या यादीवर सही केली. पंचनाम्यात माझंच अक्षर: 'आक्षेपार्ह मजकुराचे कापड, एक नग.' नाव मी लिहिलंच नव्हतं.

माणूस काय मागतो ते आधी लिहून घ्यावं, हे त्या प्रकरणानं शिकवलं. पुढे ते पाळलंही. पण त्या अक्कानं एकदा ऐकून म्हटलेलं ते नाव, मी स्वतः वाचलेलं, आज मला आठवत नाही.