अब्बांच्या ब्रशातले केस

जुने दाढीचे ब्रश गोळा करायचा मला नाद आहे. बायको पाहुण्यांना सांगते की लोक वेल्ह्याला तोरणा चढायला जातात, आमचे हे भंगार उपसायला जातात. जातो खरा. वेल्ह्याच्या बाजारात, कामथडीला हायवेवरच्या भंगारवाल्याकडं मला शिसवी मुठींचे, पितळी कड्यांचे ब्रश मिळालेत. मूठ घासायची, पॉलिश करायची आणि केस झडले असतील तर जुना झुबका उपटून नवा चिकटवायचा. निवृत्तीनंतर एवढ्याच एका कामात कुणी मला शिकवायला येत नाही.

भोरमधला माझा शाळासोबती एसटीत ड्रायव्हर होता. वेल्ह्याला नोकरीवर मी बहुतेक त्याच्याच गाडीनं जायचो. तो मुसलमान आणि खाण्याच्या बाबतीत काटेकोर. कुणाकडं ताटावर बसला की आधी कशात काय घातलंय याची चौकशी करायचा, त्यावरून मी त्याला चिडवायचो. आमच्या घरी मात्र त्यानं कधीच विचारलं नाही.

या उन्हाळ्यात तो वारलेल्या वडिलांचा ब्रश घेऊन आला. अब्बांनी दाढी राखली होती, पण दर शुक्रवारी मशिदीत जाण्याआधी गालांवरचे केस ते याच ब्रशनं साबण लावून काढायचे. त्याला तो रोजच्या वापरासाठी नीट करून हवा होता.

मी ब्रश कोमट पाण्यात भिजत घातला आणि थोड्याच वेळात ओळखीचा वास आला. केसांची टोकं बघितली, ती दुभंगलेली होती. एवढे ब्रश हाताळल्यावर चूक होणं शक्य नव्हतं. केस डुकराचे होते.

ज्यानं तो अब्बांना विकला त्या दुकानदाराचा राग आला, या नादाचाही आला. बायको म्हणाली, सरळ सांगून टाका. मी तिच्यावरच खेकसलो. मेलेल्या माणसाची सगळी पाकी, सगळं पावित्र्य मी आता नासवायचं? त्यापेक्षा मी झुबका उपटला, मूठ आतून धुऊन घेतली आणि नायलॉनचा नवा झुबका बसवला. केस कुजले होते असं सांगायचं ठरवलं.

तो आला, ब्रश गालावर फिरवून बघितला आणि त्याचे डोळे भरून आले. मला हायसं वाटलं. पण नव्या केसांची उंची जुळवायला मी जुना झुबका नेहमी शेजारीच ठेवतो, आणि तो तसाच टेबलावर पडला होता. त्यानं तो उचलला. त्यांच्या घरी कापलेले केस, नखं कधी फेकत नाहीत, पुरतात.

"ह्यात अब्बांच्या दाढीचं केस अडाकलं असत्याल," तो म्हणाला. "कबरीशेजारी पुरतो."

त्यानं खिशातून रुमाल काढून झुबका त्यात ठेवला आणि तो घडी घालू लागला. गप्प बसणं अजूनही जमलं असतं. पण कबरीशेजारी? मला राहवलं नाही.

"ते नको पुरूस," मी म्हणालो. "डुकराचे आहेत ते."

रुमाल त्याच्या हातातून टेबलावर सुटला. तो उठून मोरीत गेला आणि बराच वेळ साबणानं हात धूत राहिला. मी टॉवेल धरून उभा होतो. त्यानं तो घेतला नाही, हात शर्टाला पुसले. अब्बांना ठाऊक नव्हतं, एवढं म्हणाला. नसणारच, मी म्हणालो. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"आन् म्या हे उचाललं नसतं, तर तू सांगितलं असतंस?"

मी टॉवेलाची घडी घालत राहिलो. तो गेला. ब्रश आणि रुमाल अजून टेबलावरच आहेत. फेकायला हात धजत नाही आणि माझ्या कपाटात ठेवायला मन घेत नाही.

मला वाटलं होतं, तो आता येणारच नाही. पण मधे बायको तापानं अंथरुणाला खिळली होती, ती उठल्याचं कळल्यावर गेल्या आठवड्यात आला. पूर्वीसारखाच बोलला, डेपोच्या गमती सांगितल्या, त्यामुळं माझाही जीव जरा भांड्यात पडला. बायकोनं पोह्यांची बशी त्याच्या हातात दिली. त्यानं बशीकडं पाहिलं.

"वहिनी," तो अगदी सहज म्हणाला, "ह्यात काय काय घातलंय?"

ती हसली आणि सांगू लागली, कांदा, शेंगदाणे, तेल, कोथिंबीर. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग त्यानं पहिला घास घेतला.