पोळ्याला आई बेटावर बसून राहिली

परवा आमच्या नातवानं अंदमानचे फोटो टाकले. मित्रांबरोबर गेला होता, बोट रद्द झाली, मग दिवसभर बेटावरच नारळाखाली लोळत पडले... खाली लिहिलंय, 'बेस्ट अनप्लॅन्ड डे'. वर मला विचारतो, "आज्जी, तू कधी बेटावर गेलीस का गं?"

गेलेय बाबा. तुझा बाप जन्मायच्या आधी, निजामाच्या राज्यात. ना विमान, ना हॉटेल... आणि तिथून परत यायला साफ नकार देणारी बाई माझी आई होती.

आमचं गाव कळंबजवळ, मांजरा नदीच्या काठी. पोळ्याची सकाळ होती, मी असेन आठ-नऊ वर्षांची. आई बैलांच्या झुली धुवायला निघाली आणि मी तिच्या मागं मागं. नदीच्या मधोमध खडकाचं एक बेट होतं. धुणं आपटायला तिथले दगड चांगले, म्हणून बाया गुडघाभर पाण्यातून तिकडं जायच्या.

बेटावर शिंदीची झाडं होती. त्यांच्या रसाची दारू होते, म्हणून ती सरकारी, अबकारी खात्याची, हात लावायची सोय नाही. सावलीवर मात्र कुणाचा हुकूम चालत नव्हता...

झुली पिळून होतायत तोवर वर कुठंतरी पाऊस झाला असावा. पाणी लाल होऊन चढलं आणि आम्ही दोघी बेटावर अडकलो. मी भोकाड पसरलं. आई गावाकडं बघत राहिली.

घरी पुरण व्हायचं होतं. आदल्या वर्षी पुरण जरा करपलं, तर माझ्या आज्जीनं, म्हणजे आईच्या सासूनं, आईला माहेरी धाडून दिलं होतं. दिवाळी झाली तरी आणलं नव्हतं. पुरण झालंच नाही तर काय होईल, हे मलाही कळत होतं.

मग आईनं असं काही केलं, जे मी तोवर कधी पाहिलंच नव्हतं... ती आडवी झाली. भर दिवसा, शिंदीखाली, हात उशाला घेऊन. उठल्यावर केस सोडून वाळवले. फडक्यातला भाकरी-ठेचा मला दिला आणि स्वतः मांडी घालून खाल्ला. घरी ती सगळ्यांच्या मागून खायची, तेही निम्मं उभ्यानं.

दुपारी पाणी उतरलं, वाटेतले दगड दिसायला लागले. मी म्हटलं, "आई, पाणी उतरलं की. चल."

"दिसतंय मला," ती म्हणाली आणि कूस बदलली.

आप्पा, म्हणजे माझे वडील, बैल धुवायला काठावर आले. त्यांनी हाका मारल्या, आई हलली नाही. ते बैल तसेच सोडून आज्जीला आणायला पळाले. तोवर काठावर दहा-वीस माणसं जमली, गावात दुसरी करमणूक काय होती...

आज्जी आली आणि काठावरूनच ओरडली, "काय गं, पाय मोडले का तुझे? बैलं दारात उपाशी उभी राहतील."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं खांदमळण असते. बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळायचे आणि त्यांना जेवणाचं आवतन द्यायचं, ही रीत. आई उठून बसली. आवाज जराही चढवला नाही.

"आत्या, काल म्याच बैलांना म्हणाले, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. वरीसभर राबले म्हणून आज त्यांला सुट्टी. म्या बी राबले. मला कुणी आवतन दिलं न्हाय. पुरण तुमच्या लेकाला घालायला सांगा, म्या आज येत न्हाय."

आज्जीनं लुगडं वर खोचलं आणि पाण्यात उतरली. मला वाटलं, आता ही आईच्या झिंज्या धरून ओढत नेणार. मी भीतीनं आईचा पदर घट्ट धरला.

आज्जी बेटावर चढली. दम खात उभी राहिली, एकदा आईकडं बघितलं, एकदा शिंदीकडं.

"सरक जरा," म्हणाली. आणि बसली.

ओलं लुगडं पिळता पिळता आज्जी हळूच म्हणाली, "मला बी कुणी दिलं नव्हतं गं." आणि लगेच काठावरच्या आप्पांकडं बघून तिचा नेहमीचा आवाज लागला, "बघत काय उभा राहिलास? डाळ रांजणाशेजारच्या मडक्यात हाय. गूळ शिंक्यावर. जा."

सांगायला लाज कशाची, आप्पांचं पुरण म्हणजे नुसते गोळे होते. बैलांनी चाटूनपुसून खाल्लं. गाव मात्र लई दिवस बोलत होतं, बाईनं पोळा बाटवला म्हणून. बोलू देत. पुढच्या वर्षी खांदमळणीला बैलांचं झाल्यावर आज्जी आईसमोर उभी राहिली आणि तिलाही आवतन दिलं. मग दर वर्षी दिलं. सासरी आल्यावर मीही ती रीत सोडली नाही, कुणाला आवडो न आवडो.

आज पोळा आहे. दारात बैल नाहीत, ट्रॅक्टर आहे. पण काल संध्याकाळी मी नातसुनेला कुंकू लावून आवतन दिलं. अंदमानात लोळून आलेला तिचा नवरा सकाळपासून घामाघूम होऊन पुरण वाटतोय... आणि ती वर माळवदावर चटई टाकून आडवी झालीय.

तिला कुणी हाक मारायची नाही.