कुंदाला मी म्हटलं होतं, साहेबाला सांगू नको

कुंदाची नोकरी माझ्या सल्ल्यानं गेली.

आज सकाळी कुंदाही गेली.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात. जामुलकडच्या एका खासगी फॅब्रिकेशन कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसमध्ये आम्ही दोघी ट्रेसर. इंजिनिअरचं पेन्सिलचं ड्रॉइंग ट्रेसिंग पेपरवर शाईनं उतरवायचं, प्रिंट काढायच्या, शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये, पाठवायच्या.

ती वर्ध्याची, मी अमरावतीची. बाकी सगळं ऑफिस हिंदी. म्हणून डबा रोज एकत्र.

कुंदा प्रिंट मशीनवर लावायची आणि चहाला निघून जायची. तोंडी सांगितलेलं काम टेबलापर्यंत पोचेस्तोवर विसरायची. तळहातावर पेननं लिहून ठेवायची, मग हात धुवायची.

आणि हीच कुंदा एकदा चहाचा कप घेऊन सीनिअर इंजिनिअरच्या बोर्डाशी थांबली. "सर, ये बोल्ट कसोगे कैसे? पाना तो अंदर घुसेगाच नहीं."

तिघांनी तपासून सही केलेलं ड्रॉइंग होतं ते. परत काढावं लागलं.

आमच्या ड्रॉइंग ऑफिसच्या साहेबांना हे कधी आठवायचं नाही. उशिरा आलेली कुंदा बरोबर आठवायची.

त्या उन्हाळ्यात ती मुलीला, रश्मीला, नागपूरला डॉक्टरकडे घेऊन गेली. रश्मी आठ वर्षांची. वर्गात बसत नाही, वह्या हरवते, शाळेच्या तक्रारी. डॉक्टर परदेशात शिकून आलेले. त्यांनी मुलीला तपासलं आणि मग आईलाच प्रश्न विचारत बसले.

परत आली ती दोन कागद घेऊन. मायलेकींचं एकच निदान. आज सगळे एडीएचडी म्हणतात, तेच. तेव्हा नाव जरा वेगळं होतं.

डब्याच्या वेळी तिनं मला तिचा कागद दाखवला. डोळ्यांत पाणी, आणि हसत होती.

"मी आळशी नाही वो सुधा. डॉक्टरनं लिहून देल्लं."

"मंग आता?"

"मंग साहेबाले दाखवते. दोनच गोष्टी मागाच्या आहेत. काम तोंडी नका सांगू, चिठ्ठीवर लिहून द्या. अन् माहं टेबल दारापासून हलवा. येणारा-जाणारा बोलते, माहं डोकं त्याच्याच मागं जाते."

दोन गोष्टी. एक चिठ्ठी, एक टेबल.

आणि मी काय म्हटलं?

"पागल झाली का? मेंटलचा शिक्का मारतील तुले. उद्या कोणाचीही चूक झाली का म्हणतील, हिले तर बिमारीच आहे. चूप राह्य."

दोन दिवस ती विचार करत राहिली. मग म्हणाली, "बराबर बोलली तू." कागद पर्समध्ये गेला.

मला वाटलं, मी तिला वाचवलं.

दिवाळीनंतरची गोष्ट. शॉपमधले दोघं तिच्या टेबलाशी उभे राहून काहीतरी विचारत होते. साहेब दारातून बाहेर पडता पडता म्हणाले, "कुंदाजी, हॉपर का ड्रॉइंग रोक देना, साइज बदलेगा."

ती "जी सर" म्हणाली आणि त्या दोघांशी बोलत राहिली.

मी समोरच होते. स्पष्ट ऐकलं. पण कामाच्या गडबडीत मीही तिला आठवण केली नाही.

ड्रॉइंग शॉपमध्ये गेलं. जाड प्लेटा जुन्या मापानं कापल्या. सगळ्या स्क्रॅप.

केबिनमध्ये चौकशी. मलाही बोलावलं. जनरल मॅनेजर समोर. साहेब शांतपणे म्हणाले, "मैंने तो लिखकर स्लिप भेजी थी. इन्होंने खो दी होगी."

कुंदा गडबडली. जन्मभर वस्तू हरवणारी बाई, तिचा स्वतःवर भरवसा कुठून असणार?

"शायद... हो सकता है, सर."

मग घाबरून तिनं पर्समधून तो कागद काढला.

साहेबांनी वाचला. "मतलब आप खुद मान रही हैं. और ये कागज इतने महीने से था? तब क्यों नहीं बताया? आज बता रही हैं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं.

जनरल मॅनेजरनी मला विचारलं, "सुधाजी, आपने स्लिप देखी थी?"

माझं कन्फर्मेशन त्याच महिन्यात होतं. साहेबांच्या सहीनं.

मी म्हटलं, "ध्यान नहीं, सर."

तीन शब्द.

कुंदाला स्टोअरला टाकलं. दिवसभर आवक रजिस्टर, आकडे, तारखा. तिला जे जमणारच नव्हतं, नेमकं तेच. तीन महिन्यांत तिनं राजीनामा दिला.

पुढे बोरसीला घरीच तिनं आयटीआयच्या मुलामुलींना ड्रॉइंग शिकवलं. एका बोर्डावरून दुसऱ्या बोर्डाकडे फिरत, वीसेक वर्षं. लोक म्हणतात, झालं ते चांगलंच झालं. मला संताप येतो. तिला शिकवायचं नव्हतं, तिला ड्राफ्ट्समन व्हायचं होतं.

आजही कुणी मला विचारलं, मॅनेजरला सांगावं का, तर मला उत्तर येत नाही. आधी सांगितलं असतं तर कदाचित टेबल हललं असतं. कदाचित तेव्हाच स्टोअर मिळालं असतं. मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की तो निर्णय तिचा होता, आणि माझ्या भीतीनं मी तो तिच्या हातातून काढून घेतला.

गेल्या वर्षी ती नेहरू नगरला माझ्या घरी आली होती. बोलता बोलता मधेच म्हणाली, "सुधा, ते चिठ्ठी मी कोठं ठेवली असन वो? अजून आठवून राहिली."

मी चहा ठेवायला उठले.

रश्मी, तू हे वाचशील. त्या ऑफिसमधले दोघं-तिघंही इथं या ग्रुपवर आहेत, त्यांनीही वाचावं.

चिठ्ठी नव्हतीच. साहेब तोंडी बोलले होते. मी ऐकलं होतं.

तुझी आई विसरली, हो. पण तिनं काही हरवलं नव्हतं.

कुंदा, तुला माझा शेवटचा नमस्कार.