पेठला सोडलेली मांजर

वारूळवाडीत आमच्या भिंतीला भिंत लावून आबांचं घर आहे. आबा सत्तरीचे, चार गाईंचे मालक आणि मांजरांचे जाहीर शत्रू. मी हायस्कुलात चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात व्यंगचित्रं काढतो. पूर्वी माणसांची काढायचो, पण माणसं रागावतात. मग मांजरं काढायला लागलो. मांजर आलं की त्याच्यामागं धावणारा माणूसही चित्रात येतोच, आणि माझ्या चित्रांतला तो माणूस हळूहळू आबांसारखा दिसायला लागला.

आबांच्या गोठ्यात एक काळीपांढरी मांजर असायची. ती आपली आहे हे आबांनी कधी कबूल केलं नाही. "ती आपली येती आन् ऱ्हाती, आमी काय बोलावलं न्हाई," असं ते सांगत. धार काढताना तिला शिव्या देत आणि शिव्या देता देता करवंटीत दूध ओतत. मी एकदा बघितलं, तर म्हणाले, "सांडलं."

त्यावर मी चित्र काढलं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात किटली घेतलेला म्हातारा, आणि कुठला हात आधी पुढं येतोय याची शांतपणे वाट बघणारी मांजर. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. आबांनी लगेच हसरी तोंडं पाठवली आणि खाली लिहिलं, "आसली माणसं आसत्यात राव."

त्याच सुमारास उसात बिबट्या दिसला म्हणून वनखात्याची माणसं पिंजरा घेऊन आली. सगळं गाव बिबट्याबद्दल बोलत होतं. आबांनी मात्र पिंजरा बारकाईनं पाहिला आणि विचारलं, "याच्यातला ल्हान मिळंल का? मांजराला पायजे." वनरक्षक म्हणाला, "आबा, मांजराला पिंजरा लावला तर तुमीच रात्री जाऊन दार उघडाल." आबा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

मग नातीच्या लग्नाची बैठक ठरली. राजुरीला जायचं होतं. आबा फेटा बांधून निघाले आणि अंगणातच मांजर आडवी गेली. आबा परत आत येऊन बसले, पाणी प्यायले, पुन्हा निघाले. मांजर गेली होती तशीच परत आली. असं तीनदा झालं. ते राजुरीला पोचले तेव्हा पाहुणे वाट बघून जेवायला बसले होते, आणि बैठक काही जमली नाही. खरं तर मुलाला पुण्यात फ्लॅट हवा होता. तो आबांकडं नव्हता, मांजरीकडंही नव्हता. पण दोष मांजरीला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा पोतं घेऊन माझ्या दारात आले. "सर, मोटरसायकल काढा. हिला पेठला सोडून येऊ. तिथून काय येत न्हाई ती."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण मला वाटलं, चित्राला विषय मिळेल. पोतं मांडीवर धरून आबा मागं बसले. मंचर मागं पडेपर्यंत पोत्यातून आवाज येत होता. मग तो थांबला, आणि आबा म्हणाले, "जरा हळू घ्या. गुदमरली का काय बघतो." पेठला रस्त्याकडेच्या एका हॉटेलामागं आम्ही पोत्याचं तोंड सोडलं. मांजर बाहेर आली, अंग चाटलं आणि भटारखान्याकडं चालती झाली. आबांनी तिला हाक मारली नाही, पण गाडीवर बसायला त्यांनी बराच वेळ लावला.

त्यानंतर आबांचं कशातच लक्ष लागेना. करवंटी गोठ्यात तशीच पडून होती. पाचव्या दिवशी ते एकटेच एसटीनं पेठला गेले. कांद्याचा बाजार बघायला, म्हणाले. त्यांच्या शेतात त्या वर्षी कांदा नव्हता. दोन दिवसांनी पुन्हा गेले. तिसऱ्या खेपेला पिशवीतून मांजर घेऊन परतले.

ती काळीपांढरी होती हे खरं. पण आधीच्या मांजरीपेक्षा चांगली दीडपट, कान फाटलेला, आणि मुख्य म्हणजे तो बोका होता. सगळी आळी गोळा झाली. शेवटी माझी बायको म्हणाली, "आबा, ही जरा येगळी दिसतीय."

"हॉटेलचं खाल्लं की अंग बदलतंच," आबा म्हणाले आणि करवंटी धुवायला गेले.

यावर मी सलग आठ चित्रं काढली: फेटा, पोतं, मोटरसायकल, एसटी, बोका. गावच्या वाचनालयात ती मांडली. लोक हसून बेजार झाले. आबा पोत्याच्या चित्रापुढं बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, आता कळलं. पण ते म्हणाले, "काढलंय झ्याक. मुक्या जनावराला आसं टाकून येणाऱ्याला काय म्हणावं?" आणि पुढच्या चित्राकडं सरकले.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "मोटरसायकल कोण चालवतंय ते दिसत न्हाई तुमच्या चित्रात."

मी म्हणालो, कागदाला जागा पुरली नाही. ती म्हणाली, "फाटलेल्या कानाला बरी पुरली." आणि भाकरी थापायला लागली. मी पुढं महिनाभर ब्रश हातात घेतला नाही.

उन्हाळ्यात एका साखरपुड्याला पेठला गेलो, तेव्हा त्या हॉटेलात चहाला थांबलो. जुनी मांजर गल्ल्यावर बसलेली होती, गुबगुबीत, मिटल्या डोळ्यांची. मालक तिला उठ उठ म्हणत होता आणि स्वतः बाजूला सरकून पैसे मोजत होता. तिनं एकदा डोळा उघडून माझ्याकडं पाहिलं आणि मिटला.

आबांना मी हे सांगितलं नाही. गोठ्यात बोक्याला ते आता जुन्या मांजरीच्याच शिव्या देतात, आणि दूध रोज सांडतं.